भेंडी बाजार : जुना पत्ता, नव्या पाट्या

इफ्तारला वीस मिनिटे बाकी होती. मिनारा मशिदीलगतच्या गल्लीत एका कढईभोवती पंचवीस-तीस माणसे मोबाइल उंच धरून उभी होती. कढईत परातीएवढा मालपुवा फुगत होता. त्यातल्या एका तरुणाने कारागिराला विनंती केली, ‘‘चाचा, एक घास खाऊन दाखवा ना, रील मस्त होईल.’’ कारागीर साठीचा असावा. हातातला झारा न थांबवता तो हसला. ‘‘बेटा, रोजा है. बीस मिनट रुक जा, फिर मैं भी खाऊँगा, तू भी खाना.’’ तरुण ओशाळला, ‘सॉरी’ म्हणाला आणि खरोखरच थांबला. अजान झाली तेव्हा कारागिराने खजुरांची पुडी आधी त्याच्यापुढे धरली.

प्रसंग गोड आहे आणि रमजानच्या पानावर एवढे लिहून थांबायची पद्धतही आहे. मीही असे लेख लिहिले आहेत. पण त्या संध्याकाळी मान वर केली तेव्हा कढईच्या धुरापलीकडे भेंडी बाजाराचे नवे मनोरे दिसत होते, आणि माझ्या हातातल्या पिशवीत जेमतेम चार उर्दू पुस्तके होती. पूर्वी याच फेरीत पिशवी भरायची. एकाच मोहल्ल्यात एक गर्दी वाढते आहे आणि दुसरी ओसरते आहे. हे दोन्ही एकाच कारणाने होते आहे का, असा प्रश्न मला पडला. हा लेख त्या प्रश्नाचा आहे.

भेंडी बाजार म्हणजे दक्षिण मुंबईत जे. जे. रुग्णालय आणि मोहम्मद अली रोड यांच्या आसपासचा दाट भाग. नावाच्या दोन कथा आहेत. एक म्हणते, इथे भेंडीची झाडे होती; भाजीची नव्हे, पिवळ्या फुलांची, किनाऱ्यालगत वाढणारी. दुसरी म्हणते, क्रॉफर्ड मार्केटपलीकडच्या या वस्तीला इंग्रज साहेब ‘बिहाइंड द बाजार’ म्हणत आणि लोकांनी त्याचे भेंडी बाजार केले. मला झाडांची कथा आवडते. साहेबाच्या जिभेवरून आपल्या गल्ल्यांची नावे ठरावीत, हे काही पटत नाही.

या भागाचा कायापालट २००९ पासून सुरू आहे. दाऊदी बोहरा समाजाचे तेव्हाचे धर्मगुरू सय्यदना मोहम्मद बुऱ्हानुद्दीन यांच्या पुढाकाराने सैफी बुऱ्हानी अपलिफ्टमेंट ट्रस्ट स्थापन झाला. साडेसोळा एकर जागा, सुमारे २५० जुन्या इमारती, ३,२०० कुटुंबे आणि १,२५० दुकाने असा हा व्याप आहे. खर्चाचा आकडा चार हजार कोटींच्या घरात सांगितला जातो. एकेक इमारत पाडून बांधण्याऐवजी सगळा मोहल्ला एकत्र घेऊन, रस्ते रुंद करून, उंच मनोरे उभे करायचे. विकास नियंत्रण नियमावलीतल्या ३३(९) या कलमाखालचा हा ‘समूह पुनर्विकास’. प्रत्येक पात्र भाडेकरू कुटुंबाला किमान ३५० चौरस फुटांचे मालकीचे घर विनामूल्य, दुकानदाराला दुकान, आणि उरलेल्या बांधकामाच्या विक्रीतून खर्चाची भरपाई. पहिले दोन मनोरे २०२० मध्ये तयार झाले.

कोणत्याही जुन्या मोहल्ल्याबद्दल हळहळ व्यक्त करणे सोपे असते. विशेषतः आपण तिथे राहत नसलो तर. म्हणून आधी दुसरी बाजू. ३१ ऑगस्ट २०१७ च्या सकाळी पाकमोडिया स्ट्रीटवरची हुसैनी इमारत कोसळली आणि ३३ माणसे गेली. दोनच दिवसांपूर्वी मुंबईत धुवाधार पाऊस झाला होता. दोन दिवसांनी बकरी ईद होती. ही इमारत पुनर्विकासातलीच. काही कुटुंबे आधी संक्रमण घरांत गेली होती, काही मागे राहिली होती. मागे का राहिली याची कारणे तेव्हा वर्तमानपत्रांत बरीच आली आणि दोषारोपही झाले. पण माणसे अशा घराला चिकटून राहतात ती हट्टापायी नव्हे. खाली दुकान, वर घर, समोर मशीद आणि पाच मिनिटांवर मुलांची शाळा, या गणितातला एक आकडा जरी हलला तरी महिन्याचा हिशेब कोलमडतो.

त्या इमारती अशा का झाल्या? मुंबईबाहेरच्या वाचकाला ‘पागडी’ हा प्रकार समजावून सांगावा लागतो. भाडेकरू सुरुवातीला मोठी रक्कम देतो, मग नाममात्र भाडे भरतो. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने ही भाडी गोठवली. फाळणीच्या, टंचाईच्या काळात गरिबाच्या डोक्यावरचे छप्पर त्याने वाचवले. पण दोन पिढ्यांनी अशी स्थिती आली की खोलीचे भाडे चहा-नाश्त्याच्या बिलाहून कमी, आणि मालकाला त्यात जिन्याची पायरी बदलणेही परवडेना. उपकर घेऊन म्हाडा टेकू लावत राहिली. शंभरी ओलांडलेल्या लाकडी तुळया, सामायिक संडास, अंधारे जिने. या जिन्यांवरून बाळंतिणीला खाली आणताना काय होते, ते तिथल्या बायकांना विचारा. त्यातली एक मला म्हणाली होती, ‘‘बाजी, तुम्हाला आमची गॅलरी आवडते. आम्हाला लिफ्ट आवडते.’’ यावर माझ्याकडे उत्तर नव्हते, आजही नाही.

तेव्हा मनोरे उभे राहिले हे चांगलेच झाले. प्रश्न त्यांच्या तळमजल्याचा आहे.

इथे रमजानशी निगडित एक हिशेब सांगते. या महिन्यात जुना दुकानदार संध्याकाळी उशिरापर्यंत वही उघडून बसलेला दिसतो. तो जकात काढत असतो. विक्रीसाठी ठेवलेला माल, रोकड, सोने-चांदी, येणे असलेली रक्कम यांतून देणी वजा करायची. उरलेली रक्कम ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त असेल आणि वर्ष उलटले असेल तर तिच्यावर अडीच टक्के. सर्वसाधारण हनफी रीत ही. यात एक बारकावा आहे. मालावर जकात आहे, पण ज्या जागेत धंदा चालतो त्या जागेवर नाही. म्हणजे जकातीच्या वहीत दुकानाची किंमत कधी चढतच नाही. शेकडो वर्षांपूर्वीच्या फकिहांच्या दृष्टीने दुकान हे धंद्याचे हत्यार होते, सुताराच्या रंध्यासारखे.

पुनर्विकासाने हेच नाते उलटे केले आहे. पागडीवरचा गाळा आता मालकीचा झाला. कडी-कोयंडे, पत्र्याचे डबे, दोर, पतंगाचा मांजा अशा मालावर वर्षाला जे सुटायचे, त्याहून अधिक त्या गाळ्याचे नुसते भाडे येऊ शकते. वडिलांना माल विकण्यात प्रतिष्ठा वाटायची. मुलगा वाणिज्य शाखेत शिकलेला आहे, त्याला बेरीज कळते. तो गाळा एखाद्या कॅफेला देतो. त्याला मी दोष देणार नाही. पण एक-एक गाळा असा गेला की रस्त्याचा धंदाच बदलतो. मोहल्ल्यातल्या माणसाला लागणाऱ्या वस्तूंऐवजी बाहेरून येणाऱ्याला हव्या असलेल्या वस्तू तिथे विकल्या जाऊ लागतात. त्यात इमारतीच्या देखभालीचा खर्च. लिफ्ट, पंप, जनरेटर, सुरक्षारक्षक यांचे बिल जुन्या भाड्यासारखे थोडक्यात भागत नाही. पुनर्विकास झालेल्या सगळ्याच मुंबईत हा प्रश्न आहे. भेंडी बाजार त्याला अपवाद ठरण्याचे कारण नाही.

आणि जे वहीतच नाहीत त्यांचे काय? पात्रता भाडेपावतीवर ठरते. दुकानाच्या ओट्यावर तीस वर्षे घड्याळे दुरुस्त करणारा, कारखान्याच्या पोटमाळ्यावर झोपणारा बिहारचा कारागीर, जिन्याखाली इस्त्रीची शेगडी ठेवणारा, यांच्या नावाची पावती नसते. जुन्या इमारतीतली अडगळ हीच त्यांची जागा होती. नव्या आराखड्यात अडगळच नाही. स्वच्छ, रुंद, प्रकाशमान रस्त्याची ही किंमत आहे आणि ती कोण मोजतो हे कोणत्याही माहितीपत्रकात छापलेले नसते. रमजानात आपण जकात, फितरा कोणाला द्यायचा याची चर्चा करतो. त्या यादीतली बरीच माणसे या ओट्यांवरच बसलेली असत.

आता खाण्याकडे येते, कारण वाचक त्याचीच वाट पाहत असणार.

मोहम्मद अली रोडच्या रमजानी खाद्ययात्रेला आता सर्व धर्मांचे लोक येतात. मला ही गोष्ट मनापासून आवडते. गिरगाव-दादरकडची कुटुंबे, पुण्याहून गाडी करून आलेली मुले, शाकाहारी असल्याने फक्त फिरनी आणि मालपुवा खाणाऱ्या दोन मैत्रिणी. सुलेमान उस्मान मिठाईवाला हे दुकान १९३६ पासूनचे. हाताने फिरवलेले आइस्क्रीम विकणारे ताज आइस्क्रीम आपले साल १८८७ सांगते. बोहरी मोहल्ल्यातली बारा हंडी, पाया, नल्ली निहारी ही मुळात पहाटे कामावर जाणाऱ्या अंगमेहनतीच्या माणसांची न्याहारी. रात्रभर मंद आचेवर शिजवायचे आणि पहाटे पाव किंवा नानबरोबर वाढायचे. स्वस्त हाडांतून ताकद काढण्याची ती कला होती. आज तीच हंडी मध्यरात्री ‘फूड वॉक’च्या यादीत असते. हमालाची न्याहारी शौकिनाचे रात्रीचे जेवण झाली. दर अर्थातच हमालाचे राहिले नाहीत.

गेल्या काही वर्षांत या रस्त्याला दुसरे वळण लागले आहे. कुनाफा, बकलावा, शवर्मा आणि एकाच थाळीत चौघांनी खायचा येमेनी पद्धतीचा मांस-भात, ज्याला ‘मंदी’ म्हणतात. नावाच्या आधी ‘अल’ हवाच. मराठी पाटीचा नियम आल्यावर एका उपाहारगृहाने ठळक देवनागरीत नुसते ‘मंदी’ लिहिले आहे. माझ्याबरोबर आलेल्या अर्थशास्त्राच्या सहकारी सरांना त्या पाटीखाली फोटो काढण्याचा मोह आवरला नाही.

विनोद सोडा. हे अरबी खाणे आकाशातून पडलेले नाही. १९७० च्या दशकापासून कोकणातून, मराठवाड्यातून, उत्तर प्रदेशातून माणसे आखातात गेली. त्यांनी पाठवलेल्या पैशांनी घरे बांधली गेली, मुली शिकल्या. परतताना ती चव घेऊन आली. त्यामुळे कुनाफ्याला परका म्हणून नाक मुरडण्यात अर्थ नाही. समोशालाही कधीकाळी कोणी तरी बाहेरूनच आणले होते. मला खटकते ते वेगळेच. माझे माहेर रत्नागिरी जिल्ह्यातले. आमच्याकडे इफ्तारला सांदण असते, तांदळाच्या रव्याचे, नारळाच्या रसातले, वाफवलेले. शेजारच्या हिंदू घरांतही सांदण होते, फक्त हंगाम वेगळा, फणसाचा. मुंबईची जुनी जामा मशीद कोकणी मुसलमानांच्या देखरेखीखाली वाढली, या शहराच्या आद्य मुस्लिम वस्तीत त्यांचा मोठा वाटा. तरी या रस्त्यावर सांदणाची गाडी शोधून सापडत नाही. ‘मुस्लिम खाणे’ म्हणून जे कॅमेऱ्यासमोर मांडले जाते त्यात आधी मोगलाई होती, आता अरबी आहे. मराठी बोलणाऱ्या मुसलमानाचे जे आहे, ते मात्र अजून घरातच. हा दोष पाहुण्यांचा नाही, आमचाच आहे. जे आपल्या शेजाऱ्यासारखे आहे ते दाखवण्याजोगे नाही, असे आम्हीच ठरवून टाकले.

आपल्या गावातल्या इफ्तार बाजारातही या वर्षी कुनाफ्याचा स्टॉल लागला आहे. त्याच्या शेजारी भजी-समोसे विकणाऱ्या बाईंचा धंदा निम्म्यावर आल्याचे त्या सांगतात. मुंबईतली लाट आपल्याकडे यायला फार वेळ लागत नाही.

बाहेरून येणाऱ्यांना भेंडी बाजारात खाण्यापलीकडे काही दिसावे, अशी माझी इच्छा असते. उदाहरणार्थ, गाणे. मुरादाबादकडून आलेले छज्जू खाँ, नजीर खाँ आणि खादिम हुसेन खाँ हे भाऊ एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इथे राहू लागले आणि त्यांच्या गायकीला वस्तीचेच नाव मिळाले, भेंडीबाजार घराणे. एखाद्या बाजाराचे नाव घराण्याला मिळाल्याचे दुसरे उदाहरण मला आठवत नाही. या घराण्याच्या अंजनीबाई मालपेकर मूळच्या गोव्याच्या. छज्जू खाँचे चिरंजीव अमान अली खाँ यांच्याकडे तरुण लता मंगेशकर काही काळ शिकल्या. त्यांच्याच मेरुखंडाच्या पद्धतीचा आणि सरगमचा ठसा उस्ताद अमीर खाँच्या गाण्यावर उमटला. पुढे पुण्यात पंडित त्र्यंबकराव जानोरीकरांनी हा वारसा सांभाळला. म्हणजे इथल्या गल्लीत घडलेले स्वर मराठी घराघरांत पोहोचले आहेत, फक्त गल्लीत त्याची खूण नाही. मी दोन तास चाललो तरी त्या नावाची एखादी पाटी मला दिसली नाही. नव्या रुंद रस्त्यांवर झाडे लावायची आहेत, बाक ठेवायचे आहेत. त्यातल्या एखाद्या बाकावर चार ओळी कोरायला फार खर्च येणार नाही.

सार्वजनिक कलेचा विषय निघाला की आमच्या लोकांत दोन टोके दिसतात. एक, चित्र-पुतळा म्हटले की कपाळावर आठी. दोन, कोणत्याही भिंतीवर काही रंगवले की संस्कृती जपल्याचे समाधान. या मोहल्ल्याच्या सीमेवरच कलेचा खजिना आहे हे दोघेही विसरतात. क्रॉफर्ड मार्केटच्या, म्हणजे आताच्या महात्मा फुले मंडईच्या प्रवेशद्वारावर लॉकवुड किपलिंग यांनी घडवलेली शेतकरी-कष्टकऱ्यांची शिल्पे आहेत. त्यासमोर १८५७ पासूनचे जे. जे. कला महाविद्यालय. भेंडी बाजाराच्या आत रौदत ताहेरा ही बोहरा समाजाची संगमरवरी दर्गाह आहे. तिच्या आतल्या भिंतींवर संपूर्ण कुराण सोन्याच्या अक्षरांत कोरलेले आहे. अक्षर हीच आमची चित्रकला, असे जे आम्ही वर्गात शिकवतो, ते तिथे उभे राहून डोळ्यांनी कळते. आणि नूर मोहम्मदी हॉटेलात एम. एफ. हुसेन यांचे चित्र आहे. चित्रपटांची पोस्टरे रंगवत वर आलेला हा चित्रकार याच शहरात घडला. त्याचे चित्र निहारीच्या वासात टांगलेले असणे मला कुठल्याही दालनापेक्षा योग्य वाटते.

तिथून नागपाड्याकडे गेले की मिर्झा गालिब मार्ग लागतो, पूर्वीचा क्लेअर रोड. तिथे गालिबचे भित्तिशिल्प उभारले आहे. गालिब मुंबईला कधी आला नव्हता. तरी त्याचे इथे असणे खोटे नाही, आणि त्याचे कारण शिल्पापेक्षा रस्त्यात दडलेले आहे. याच रस्त्यावर ॲडेल्फी चेंबर्समध्ये सआदत हसन मंटो राहत असे. सोहराब मोदींच्या ‘मिर्झा गालिब’ चित्रपटाची कथा मंटोची, संवाद राजिंदर सिंह बेदींचे. चित्रपट १९५४ मध्ये आला आणि त्याला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले. तोवर मंटो मुंबई सोडून लाहोरला गेला होता, १९४८ च्या जानेवारीतच. चित्रपट आल्यानंतर थोड्याच दिवसांत, १९५५ च्या जानेवारीत तो वारला. गालिबला मुंबईत आणणारा माणूस स्वतः मुंबईत राहू शकला नाही. ही गोष्ट त्या भिंतीसमोरून रोज शाळेत जाणाऱ्या मुलांना कोणी सांगते का? शिल्पाचे उद्घाटन एका दिवसाचे असते. त्याच्यासमोर कचऱ्याचा डबा ठेवायचा की नाही हे मात्र वर्षभर ठरवावे लागते.

रस्त्यांच्या नावांचे असेच. मोहम्मद अली रोडवरचा सुमारे अडीच किलोमीटरचा उड्डाणपूल २००२ मध्ये झाला. लोक त्याला ‘जे. जे. फ्लायओव्हर’ म्हणतात. त्याचे अधिकृत नाव आहे कुतुब-ए-कोंकण मकदूम अली माहिमी उड्डाणपूल. मकदूम अली माहिमी हे सहाशे वर्षांपूर्वीचे माहीमचे विद्वान, कुराणाचे भाष्यकार. त्यांच्या उरुसात पहिला संदल मुंबई पोलिसांचा असतो. इतके लांब नाव कोणी उच्चारत नाही हे समजू शकते. पण या पुलामुळे दक्षिण मुंबईत जाणारी गाडी भेंडी बाजाराच्या तिसऱ्या मजल्याच्या उंचीवरून, खाली न बघता निघून जाऊ लागली. अर्धे शहर या वस्तीला फक्त वरून ओळखते. रमजानमध्ये ते खाली उतरते, हे या महिन्याचे मोठेपण. म्हणूनच खाली उतरलेल्याला नुसती थाळी देऊन परत पाठवू नये असे वाटते.

आता पुस्तकांकडे. जे. जे.च्या परिसरात आणि मोहम्मद अली रोडवर उर्दू पुस्तकांची जी दुकाने होती, तिथे माझ्या विद्यार्थिदशेत एका बाकावर कवी, कामगार आणि मदरशाचे मौलवी शेजारी बसलेले मी पाहिले आहेत. चहा दुकानदाराचा, वाद सगळ्यांचे. ती दुकाने एकाएकी बंद पडली नाहीत. आधी इनपेज नावाच्या संगणक प्रणालीने कातिबांच्या हातची कामे नेली. नव्वदच्या दशकात वर्तमानपत्रांतून नस्तालिक लिहिणाऱ्या सुलेखनकारांच्या रांगा उठल्या. काही लग्नपत्रिकांकडे वळले, काही दुकानांच्या पाट्यांकडे. मग पाट्याही प्लास्टिकवर छापल्या जाऊ लागल्या. आता गाळ्याच्या भाड्याच्या हिशेबात कवितासंग्रह बसत नाही. महाराष्ट्रात २०११ च्या जनगणनेनुसार उर्दू मातृभाषा सांगणारे सुमारे पाऊण कोटी लोक आहेत. त्यातल्या एक टक्क्याने वर्षाला एक पुस्तक घेतले तरी या दुकानांत उभे राहायला जागा उरणार नाही. कुनाफ्याच्या रांगेतून मी त्या दुकानात गेले तेव्हा आत मी एकटीच होते. तेव्हा सुरुवातीच्या प्रश्नाचे माझे उत्तर असे : जागेच्या भावाने पुस्तकाचे दुकान आक्रसते हे खरे, पण गिऱ्हाईक आधीच उठून गेलेले असते. दोष निम्मा बाजाराचा, निम्मा आमच्या घरांतल्या कपाटांचा.

दुकानदार मला ओळखतात. म्हणाले, ‘‘बरं झालं आलात, प्रोफेसरसाहिबा. एक काम आहे.’’ मराठी पाट्यांचा नियम त्यांनाही लागू आहे. राज्याने २०२२ मध्ये कायदा बदलून लहान दुकानांनाही देवनागरीतली मराठी पाटी, तीही इतर भाषेपेक्षा लहान नसलेल्या अक्षरांत, बंधनकारक केली. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्यापाऱ्यांना दोन महिन्यांची मुदत दिली. त्यांची तेव्हाची घाईघाईतली पाटी उन्हाने उडाली होती, म्हणून नवी करून घेतली होती. नियमाबद्दल त्यांची तक्रार नव्हती. ‘‘चाळीस साल से मराठी में सौदा कर रहा हूँ, लिखने में क्या हर्ज है,’’ असे ते म्हणाले. माझीही तक्रार नाही. मराठी ही माझी भाषा आहे आणि ती दुकानावर असावी यात मला आनंदच आहे. उलट दिशेचा प्रश्न अकोला जिल्ह्यातल्या पातूर नगर परिषदेच्या पाटीवरून न्यायालयात गेला होता, मराठीखाली उर्दू असावी की नाही असा. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती पाटी राहू दिली. भाषेला धर्म नसतो आणि उर्दू याच मातीत जन्मली, असा त्या निकालाचा आशय आहे. माझ्या वर्गातल्या एका मुलाने विचारले होते, ‘‘मॅडम, हे कोर्टाला का सांगावं लागलं?’’ तो मुलगा मराठा कुटुंबातला, उर्दू गझल ऐकता ऐकता लिपी शिकायला आलेला.

तर दुकानदारांनी नवी पाटी काढून दाखवली. पिवळ्यावर लाल अक्षरे, वर मराठी, खाली उर्दू. मराठीत रंगाऱ्याने ‘ऊर्दू पूस्तकालय’ लिहिले होते. मी म्हटले, पहिला उकार ऱ्हस्व हवा, ‘पु’सुद्धा ऱ्हस्व. त्यांनी खालची उर्दू ओळ पुढे केली. तिथे संगणकाने नुक्ता भलत्याच अक्षरावर टाकला होता. एका पाटीत दोन्ही भाषा चुकलेल्या. आम्ही दोघेही हसलो. मग त्यांनी कपाटामागून जुनी लाकडी पाटी काढली, त्यांच्या वडिलांच्या वेळची, कुणा कातिबाने ब्रशने लिहिलेली. अक्षरांची वळणे अजून ताजी होती. नव्या जागेत ती कुठे लावायची हे ठरत नव्हते, बाहेर एकाच पाटीला जागा आहे म्हणून.

तरावीहची वेळ होत आली होती. मी त्यांच्या वहीतल्या एका पानावर दोन्ही ओळी शुद्ध लिहून दिल्या. त्यांनी तो कागद रंगाऱ्याकडे पाठवला आणि जुनी पाटी पुसून गल्ल्याच्या मागच्या भिंतीला टेकवून ठेवली.